झाडीपट्टीच्या पोरांना स्वतःचा रॉक बँड काढायचा तर सुरुवात कुठून? वाद्य, तालीम, पैसा आणि हक्क, सगळे समजून घ्या

धान बांधीतून खळ्यावर आले, दिवाळी झाली की चंद्रपूर-गडचिरोलीत मंडईचा हंगाम लागतो. दिवसा दंडार, शंकरपट, रात्री नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालते आणि तेवढा वेळ रंगमंचाजवळ बसलेली दोन-चार माणसे वाजवत असतात. एक कीबोर्डवर, एक तबला-ढोलकीवर, एक ऑक्टोपॅडवर. पोस्टरवर नाव नायक-नायिकेचे, नृत्यांगनेचे आणि विनोदी नटाचे. वाजवणाऱ्याला रात्रीचा मेहनताना मिळतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्या गावाला.

त्याच गावातली पंधरा-वीस वर्षांची पोट्टी मोबाइलवर पाहून गिटार शिकून राहिली आहेत. कुणी भावाच्या लग्नात मिळालेल्या पैशातून गिटार आणली, कुणी तेंदूपत्त्याच्या हंगामात मजुरी करून आणली. चार गाणी हाताला बसली की एक प्रश्न येतो, आपला स्वतःचा बँड काढता येईल काय? आणि घरून दुसरा प्रश्न येतो, यानं पोट भरते काय?

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. म्हणून दोन्हीचे उत्तर एकाच ठिकाणी पाहू.

बँड म्हणजे लग्नातला बँड नाही

आपल्याकडे बँड म्हटले की वरातीतला बँडबाजा डोळ्यासमोर येतो. ऑर्केस्ट्रा म्हटले की सिनेमाची गाणी गाणारा संच. रॉक बँड या दोन्हीपेक्षा वेगळा असतो. वरातीचा बँड आणि ऑर्केस्ट्रा लोकांच्या ओळखीची, दुसऱ्याने बांधलेली गाणी वाजवतात. फर्माईश आली की वाजवायचे. रॉक बँड स्वतः गाणे लिहितो, स्वतः चाल बांधतो आणि स्वतःच वाजवतो. गायक एक आणि मागे भाड्याचे वादक, असा प्रकार नसतो. चार जण असतील तर गाणे चौघांचे.

वाद्ये साधारण ठरलेली. इलेक्ट्रिक गिटारला सहा तारा असतात. बेस गिटारला चार जाड तारा असतात, तिचा आवाज खर्जात जातो आणि छातीला जाणवतो. ड्रमसेटमध्ये पायाने वाजवायचा मोठा ढोल, कडक आवाजाचा स्नेअर, दोन-तीन टॉम आणि पितळी थाळ्या. आणि गाणारा. तीन माणसांतही बँड उभा राहतो, पाचांतही. भजनी मंडळात जसे मृदंगाने ताल धरायचा, टाळाने तो भरायचा आणि पेटीने सूर द्यायचा, तशीच इथे वाटणी आहे. ड्रम आणि बेस मिळून पाया घालतात, गिटार आणि गळा त्यावर चढतात. पाया हलला की वरचे कितीही चांगले असो, ऐकवत नाही.

स्वतंत्र बँड म्हणजे ज्याच्या मागे कंपनी, निर्माता किंवा पैसेवाला उभा नाही तो. खर्च त्याचा, फायदा-तोटा त्याचा, आणि गाण्याचा मालकही तोच. शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, पुढे काम पडेल.

भोंगा फाटला आणि त्यातून रॉकचा आवाज आला

रॉकचा तो खरखरीत आवाज कुठून येतो, हे अनेकांना कोडे वाटते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. लोखंडी तार हलली की त्या वेटोळ्यात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. हा प्रवाह अॅम्प्लिफायर मोठा करतो आणि स्पीकर वाजवतो. म्हणून वीज नसली तर इलेक्ट्रिक गिटार जवळपास मुकी.

आता गणपतीत भोंग्याचा आवाज जास्तच वाढवला तर काय होते? आवाज फाटतो. साउंडवाला धावत येऊन कमी करतो. रॉकवाल्यांनी हाच दोष कामाला लावला. १९६४ मध्ये इंग्लंडच्या किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहान अॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरून टाकला आणि तो फाटका आवाज गाण्यात वापरला. गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. आज हाच आवाज पायाखाली ठेवायच्या छोट्या डबीतून, म्हणजे पेडलमधून मिळतो. स्पीकर चिरायची गरज राहिली नाही.

एकाच वर्षी दोन सुरुवाती: मुंबई आणि गोवा

आपल्या राज्यात रॉक बँड कसा सुरू झाला, याचे मोठे उदाहरण मुंबईचे आहे. १९८४ मध्ये तिथे रॉक मशीन नावाचा बँड निघाला. गिटारवर महेश तिनईकर, गायक उदय बेनेगल ही त्यातली ठळक नावे. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक रॉक बँड इंग्लंड-अमेरिकेतल्या बँडची गाणी हुबेहूब वाजवत. ज्याची नक्कल जास्त चांगली, तो बँड मोठा. कॉलेजच्या कार्यक्रमांत आणि महोत्सवांत हेच चालायचे. धोबीतलावच्या रंगभवन या उघड्या नाट्यगृहात पोरे गर्दी करायची. १९८६ पासून मुंबईत इंडिपेंडन्स रॉक नावाचा महोत्सवही सुरू झाला.

रॉक मशीनने पुढचे पाऊल टाकले. स्वतःची गाणी लिहिली आणि १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम काढला, रॉक अँड रोल रेनेगेड. १९८४ ते १९८८, मध्ये चार वर्षे गेली. मुंबईसारख्या शहरात, कॉलेजचा तयार प्रेक्षक असताना चार वर्षे. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केले, १९९७ मध्ये बँड थांबला, २०१० मध्ये पुन्हा एकत्र आले आणि २०१२ मध्ये नवा अल्बम दिला. गावातल्या पोट्ट्यांनी यातून एवढेच घ्यावे की चार महिन्यांत काही झाले नाही म्हणून गिटार विकायची नसते.

दुसरी सुरुवात गोव्याची, तीही १९८४ चीच. शिवोली गावच्या रेमो फर्नांडिस यांनी घरीच चार ट्रॅकच्या छोट्या टेपरेकॉर्डरवर गोअन क्रेझी हा अल्बम केला. चार ट्रॅक म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे भरता येतात. आधी ताल भरायचा, मग त्यावर बेस, मग गिटार, मग गाणे. बहुतेक वाद्ये त्यांनी एकट्यानेच वाजवली. मागे कुठली कंपनी नव्हती. कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवर टाकून गोव्यातल्या दुकानादुकानांत स्वतः नेऊन दिल्या. गाणी गोव्याच्या लोकांची, तिथल्या रोजच्या जगण्याची, म्हणून गोव्याने ती उचलली. पुढे हेच रेमो हिंदी सिनेमात गाजले आणि २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या वेळचा चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर महाग आणि दुर्मिळ होता. आज त्याहून जास्त ट्रॅकचे रेकॉर्डिंग साध्या स्मार्टफोनवरच्या फुकट अॅपमध्ये होते. यंत्र आता अडचण राहिली नाही. अडचण आहे ती स्कूटर घेऊन दुकानादुकानांत फिरायच्या तयारीची.

रॉक आपल्या बोलीत चालते काय?

चालते. केरळच्या अवियल बँडने २००३ च्या सुमारास मल्याळम भाषेत रॉक गायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये अल्बम काढला. बँडचे नावच तिथल्या मिसळीच्या भाजीचे आहे. मुंबईचा धम्म विंग्स हा कबीर शाक्य यांनी उभा केलेला बँड बुद्ध आणि आंबेडकरांच्या विचाराची गाणी गिटार-ड्रमवर करतो. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये ज्या चंद्रपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथल्या माणसाला या बँडचा श्रोता कोण हे सांगायला नको. भीमगीतांचा श्रोता आधीच गावोगाव बसलेला आहे. मुंबईचाच अभंग रीपोस्ट हा बँड संतांचे अभंग बेस गिटार आणि ड्रमवर गातो. अभंग तोच, साज वेगळा.

दिल्लीचा ब्लडीवूड बँड तर इंटरनेटवरूनच उभा राहिला. २०१६ मध्ये वकिली शिकलेला करण कटियार आणि गायक जयंत भदुला या दोघांनी सिनेमाच्या गाण्यांची जोरकस रॉकमध्ये गंमत करून व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. लोक हसले, पाहू लागले. इथेच थांबले असते तर ते गमतीवालेच राहिले असते. पण त्यांनी स्वतःची गाणी आणली, त्यात ढोल आणि बासरी आणली. २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेन या जगप्रसिद्ध महोत्सवात वाजवून आले आणि २०२२ मध्ये रक्षक नावाचा अल्बम काढला. बाहेरच्या लोकांना त्यांच्यातला ढोलच आवडला, कारण बाकीचे सगळे त्यांच्याकडे आधीपासूनच होते.

आता आपल्याकडे पाहा. झाडीबोली आहे. एटापल्ली, भामरागडकडे गोंडी आणि माडिया आहे, रेला नृत्याचा ठेका आहे, मांदरी आणि ढोल आहेत. दंडारीची चाल आहे, खडी गंमत आहे. रोवणीच्या वेळी बायांची गाणी आहेत. वाघाच्या भीतीने शेतावर जायचे टाळणारा माणूस आहे, कोळशाच्या धुळीत वाढलेले पोरगे आहे, पुरात तुटलेला रस्ता आहे. गाण्याला विषय लागतो तो इथे कमी नाही. एक पथ्य मात्र पाळावे. रेला किंवा देवाचे गाणे घ्यायचे तर आधी त्या गावच्या, त्या समाजाच्या जाणत्यांना विचारावे. कोणते गाणे करमणुकीचे आणि कोणते पूजेचे, हे त्यांनाच ठाऊक असते. आणि गाणे कुठून घेतले ते नाव सांगून गावे.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

शहरातल्या बँडला सगळ्यात अवघड जाते ते प्रेक्षक आणि रंगमंच मिळवणे. झाडीपट्टीत दोन्ही तयार आहेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत तिकीट काढून नाटक पाहणारा माणूस आहे. वडसा म्हणजे देसाईगंजला नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत, गावची मंडळे तिथे जाऊन बुकिंग करतात. गाडी, पडदे, लाइट, साउंड, सगळी व्यवस्था लोकांनी सरकारकडे न पाहता उभी केली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर घडले आणि २०२३ मध्ये पद्मश्री झाले.

रात्रभर वाजवायची सवय ही दुसरी जमा बाजू. बीटल्स हा जगातला सगळ्यात नावाजलेला बँड १९६० मध्ये इंग्लंडमधून जर्मनीच्या हॅम्बुर्ग शहरात गेला, तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हते. तिथल्या क्लबमध्ये रोज रात्री कित्येक तास वाजवावे लागे. त्यातूनच हात बसला, असे ते स्वतः सांगत. नाटकात पहाटेपर्यंत ऑक्टोपॅड वाजवणाऱ्या आपल्या पोराची तीच शाळा झालेली असते. प्रवेश लांबला, नट चुकला, लाइट गेली, तरी ताल सोडायचा नाही, हे त्याला शिकवावे लागत नाही.

नाही ते काय? स्वतःचे गाणे आणि स्वतःचे नाव. हंगामभर दुसऱ्याच्या चाली वाजवून तो एप्रिलमध्ये रिकाम्या हाताने मजुरीला लागतो. पुढच्या हंगामात त्याच्यापेक्षा कमी पैशात वाजवणारा मिळाला की त्याची जागा जाते. स्वतःची दहा गाणी असणाऱ्या बँडची जागा अशी जात नाही, कारण ती गाणी दुसऱ्याकडे नसतात. बँड काढायचा तो यासाठी.

सुरुवात: माणसे, जागा, गाणी

पहिली गोष्ट माणसे. सगळ्यात चांगला वाजवणारा शोधू नका, तालमीला वेळेवर येणारा शोधा. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत तालीम होणार नाही, हे आधीच धरून चाला. बाकी दिवसांत आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी. दोन तास पुरतात. मोबाइल बाजूला ठेवून.

दुसरी गोष्ट वाद्ये. सगळे एकदम घेण्यासाठी कर्ज काढू नका. इंग्लंडमध्ये १९५० च्या दशकात गरीब घरची पोरे चहाच्या लाकडी पेटीला दांडा आणि दोरी लावून बेस बनवत, कपडे घासायच्या पत्र्यावर ताल धरत. बीटल्सच्या जॉन लेननचा पहिला संच याच प्रकारचा होता. आपल्याकडे ड्रमसेट नसेल तर ऑक्टोपॅड आहे, तोही नसेल तर ढोलकी आणि मांदरी आहे. शिकायची साधी गिटार चार-आठ हजारांत येते. इलेक्ट्रिक गिटार आणि लहान अॅम्प त्याहून बरेच महाग पडतात. ते पहिली पाच गाणी तयार झाल्यावर घ्यावे. तोपर्यंत पोरे टिकतात की नाही तेही कळते.

तिसरी गोष्ट जागा. समाजमंदिराचा रिकामा सिमेंटचा हॉल तालमीला वाईट, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि कोण काय वाजवतो ते कळत नाही. जुनी मातीची खोली बरी. भिंतीला गोधड्या, जाड चादरी, रिकामे पोते टांगले की घुमणे बरेच कमी होते. तनीसही आवाज खाते, पण जिथे वायर आणि अॅम्प आहे तिथे तनीस नको. एक ठिणगी पुरते.

चौथी आणि मुख्य गोष्ट गाणी. सुरुवातीला दुसऱ्याची गाणी वाजवून हात बसवावा, त्यात लाज नाही. पण तिसऱ्या महिन्यापासून स्वतःचे एक गाणे हाती घ्यावे. कुणीतरी दोन ओळी आणायच्या, चौघांनी मिळून चाल शोधायची, मोबाइलवर भरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी ऐकायची. कच्ची वाटली तर बदलायची. अशी सहा-सात गाणी झाली की चाळीस मिनिटांचा कार्यक्रम होतो. पहिल्या कार्यक्रमाला यापेक्षा जास्त लागत नाही.

पहिला कार्यक्रम कुठे?

कॉलेजचे स्नेहसंमेलन हे सगळ्यात सोपे दार. २०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांचे विद्यापीठ इथेच आहे. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य गायन आणि समूहगानाच्या स्पर्धा असतात, त्यापुढे राज्यपातळीवर इंद्रधनुष्य महोत्सव असतो. कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाच्या सरांना आधीच भेटून ठेवावे.

दुसरे दार १४ एप्रिल, गणेशोत्सव, शारदोत्सव, शिवजयंती. तिसरे दार आपलीच मंडई. नाटक सुरू व्हायच्या आधी लोक येऊन बसतात, पडदा उघडायला वेळ असतो. त्या अर्ध्या तासात तीन गाणी वाजवू द्या, असे मंडळाला विचारता येते. साउंड तिथे लावलेलाच असतो, मंडळाला खर्च नाही. आवडले तर पुढच्या वर्षी पोस्टरवर नाव येते.

लोकांना पहिल्यांदा हा आवाज विचित्र वाटेल. म्हाताऱ्या म्हणतील, काहून एवढं बोंबलतेत बाप्पा? म्हणून पहिले गाणे ओळखीच्या चालीचे ठेवावे, दंडारीच्या ठेक्यावरचे. कान तयार झाला की मग जोर वाढवावा.

पैशाचे गणित

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येऊ. समजा चार जणांच्या बँडला एका कार्यक्रमाचे १५,००० रुपये ठरले. गाडी आणि डिझेलचे २,५०० गेले, साउंडचे ४,००० गेले, चहा-जेवणाचे १,००० गेले. उरले ७,५००. याचे चार नाही, पाच वाटे करायचे. चार माणसांचे चार आणि पाचवा बँडचा. प्रत्येकाला १,५०० आणि बँडच्या खात्यात १,५००. बँडच्या वाट्यातून तारा, वायर, दुरुस्ती आणि रेकॉर्डिंग होते. हा वाटा न ठेवणारे बँड पहिला अॅम्प बिघडला की भांडतात.

हंगामात असे वीस कार्यक्रम झाले तर माणशी ३०,००० होतात. आणि पहिल्या वर्षी वीस मिळत नाहीत, १५,००० ही मिळत नाहीत. पहिले वर्ष बहुधा खिशातूनच जाते. म्हणून उत्तर सरळ आहे. सुरुवातीची दोन-चार वर्षे यानं पोट भरत नाही. शेती, शिक्षण, नोकरी सोडून बँड काढू नये, ते सांभाळून काढावा. हे आधी सांगितले तर घरचेही तेवढे आडवे येत नाहीत.

हिशेबाची वही मात्र पहिल्या दिवसापासून. बचत गटात बाया जशा दर बैठकीला सह्या घेतात तशा घ्याव्या. गाडी कुणाची, वाद्य कुणाचे, कुणी सोडून गेला तर त्याचे काय, हे साध्या कागदावर लिहून चौघांनी सही करावी. बँड पुष्कळदा गाण्यावरून फुटत नाहीत, हिशेबावरून फुटतात.

यूट्यूबवर टाकले की पैसे येतात, हाही गैरसमज आहे. जाहिरातीतला वाटा मिळायला चॅनेलला किमान १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे लागते, नाहीतर शॉर्ट्सवर ९० दिवसांत एक कोटी व्ह्यू. सिनेमाचे गाणे वाजवून टाकले तर यंत्रणा ते ओळखते आणि पैसा मूळ मालकाकडे जाऊ शकतो. तुमच्या स्वतःच्या गाण्याला ही अडचण नाही.

सही करण्याआधी हे वाचा

गाव-तालुक्यात गाणी चालू लागली की कुणीतरी चॅनेलवाला येतो. पाच-दहा हजार देतो, व्हिडिओ फुकट करून देतो, इथे सही करा म्हणतो. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होते.

कायद्याने गाण्यात वेगवेगळे हक्क असतात. शब्द लिहिणाऱ्याचा एक, चाल बांधणाऱ्याचा दुसरा आणि तयार रेकॉर्डिंगचा तिसरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि चालीचा हक्क माणूस जिवंत असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे पोराच्या गाण्याचे पैसे नातवापर्यंत येऊ शकतात. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही, गाणे तयार होऊन लिहिले किंवा भरले गेले की हक्क तयार होतो. पण वाद झाला तर नोंदणी पुरावा म्हणून कामी येते. शब्द किंवा चालीच्या नोंदणीची सरकारी फी प्रत्येकी ५०० रुपये आणि रेकॉर्डिंगची २,००० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन होतो.

कलम १९ सांगते की हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच. तोंडी दिलेला हक्क दिला असे होत नाही. करारात किती वर्षांसाठी हे लिहिले नसेल तर पाच वर्षे धरतात, कुठल्या भागासाठी हे लिहिले नसेल तर फक्त भारत धरतात. म्हणून कागदावर 'कायमस्वरूपी', 'संपूर्ण जगात', 'सर्व हक्क' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. वर्षे लिहून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक संरक्षण दिले. रेकॉर्डिंगसाठी हक्क दिला तरी गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा मागायचा हक्क राहतो. हा वाटा गोळा करून देणारी संस्था म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, ती १९६९ पासून आहे. स्वतःची गाणी असलेला गीतकार-संगीतकार तिचा सभासद होऊ शकतो.

आणि आपसातही लिहून ठेवा. गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, की चौघांची मिळून. गाणे गाजल्यावर हे ठरवायला बसले तर मैत्री जाते.

वीज आणि परवानगी

ही गोष्ट जिवाची आहे. गिटारवाल्याचा हात लोखंडी तारांवर असतो आणि ओठ माइकला लागतो. अर्थिंग बरोबर नसेल तर वीज दोन्हीच्या मधून, म्हणजे माणसातून जाते. १९७२ मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी इंग्लंडजवळच्या वेल्समध्ये भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. आपल्याकडे आकडे टाकून किंवा जनरेटरवर कार्यक्रम होतात, तिथे धोका जास्त. वाजवण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, सगळे अॅम्प आणि साउंड एकाच ठिकाणच्या अर्थिंगच्या बोर्डवरून घ्या, तीन पिनची पिन काढून दोन पिनवर लावू नका, आणि मंच ओला असेल तर वाजवू नका. आयोजक रागावला तरी चालेल.

भोंग्याला पोलिसांची परवानगी लागते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमानुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासाठी १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते. दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरतात. मुंबईचे रंगभवन, जिथे एका पिढीने रॉक ऐकले, तिथले कार्यक्रम याच शांतता क्षेत्राच्या नियमापायी बंद पडले. म्हणून मंडळाने परवानगी काढली काय, हे बँडने स्वतः विचारावे.

आता काय करायचे

हंगाम संपला की रोवणीपर्यंत झाडीपट्टीतल्या वादकाला मोकळे दिवस मिळतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता सकाळी होतो, संध्याकाळ रिकामी असते. ज्यांना बँड काढायचा आहे त्यांनी याच दिवसांत चौघे जमवावे, एक खोली ठरवावी, एक वही आणावी आणि एक गाणे हाती घ्यावे. दिवाळीपर्यंत सहा गाणी झाली तर मंडईच्या मंडळाकडे जाऊन अर्धा तास मागावा.

नाटकवाल्यांनी आणि मंडळांनीही एक करावे. वाजवणाऱ्यांची नावे पोस्टरवर टाकावी. छपाईचा खर्च वाढत नाही.